कोणत्या टेबलाला?

मराठवाड्यातला माणूस कामाचं बोलणं शेवटी ठेवतो. आधी पाऊसपाणी, मग लेकरंबाळं, मग दोनदा "बाकी काय विशेष", आणि चहा संपवून दारात चपला शोधताना तो म्हणतो, "ते एक जरा होतं बघा." ते 'एक जरा' म्हणजे बांधाचं भांडण असतं, पोरीच्या दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख असते, नाहीतर पन्नास हजार रुपये असतात. लातुरातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर आख्खी नोकरी काढल्यामुळे चपलेपाशी येणाऱ्या या वाक्याची मला चांगली ओळख आहे. अर्जातसुद्धा ते तसंच यायचं. दीड पान हकिगत, मधे वडिलांचं आजारपण, आणि सहीच्या वर अर्धी ओळ काम.

त्यामुळे ही अर्धी ओळ आता यंत्र शोधणार आहे, असं भाचीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती यंत्राची.

भाची नांदेडला असते. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत शिकली, काही दिवस पुण्यात राहिली, आणि आता घरात बसून पुण्याच्या पगारावर नोकरी करते. ही नोकरीच आहे हे माझ्या बहिणीला अजून पुरतं पटलेलं नाही. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानांच्या एका साखळीचं काम भाचीच्या गटाकडे आलं होतं. गिऱ्हाइकं दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रात्री-अपरात्री लिहितात. मेसेज आला की त्याचा वर्ग आपोआप ठरावा आणि तो थेट त्या त्या माणसाकडे जावा, अशी मागणी. वर्ग ठरलेले होते: उगवण, कीड-रोग, खताची मात्रा, साठा आणि दर, बिल-पावती, तक्रार, कौतुक. आणि अर्थातच, इतर.

"यंत्राला आधी शिकवावं लागतं, मामा. जुने हजारो मेसेज माणसांनी वाचायचे, प्रत्येकापुढं वर्ग लिहायचा. ते बघून बघून यंत्र शिकतं. तुमचा जन्म त्यातच गेलाय, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

मानधन होतं. किती ते सांगत नाही. बायकोनं रक्कम ऐकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

इथं आमच्या खात्याबद्दल थोडं सांगायला हवं. महसुली कार्यालयात कारकुनानं आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे, अशी इंग्रजी अमलापासूनची पद्धत आहे. आमचा मुलूख निजामाचा, त्यामुळे इकडे ती मागाहून आली, पण आली ती मुक्कामालाच. गठ्ठ्यांची नावं अशी: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, आणि शेवटचा, नष्ट करायचे. यातला 'प्रतीक्षाधीन' माझा लाडका. दुसऱ्या कुठल्या तरी कार्यालयाकडून उत्तर यायचं आहे, तोवर आपल्याला काही करता येत नाही, असा कागद त्यात जातो. कागद आपला, काम दुसऱ्याचं, आणि कुणी विचारलं तर आपण निर्दोष. आता या सहा नावांकडे नीट बघा. अर्ज जमिनीचा आहे, रेशनचा आहे की पाण्याचा, याचा त्यांत पत्ताच नाही. हा कागद घेऊन कारकुनानं पुढं काय करायचं, एवढंच त्यांत आहे. ज्यानं कुणी ही पद्धत काढली त्याला माणसांच्या हकिगतींत रस नव्हता. टेबल रिकामं व्हायला हवं होतं.

भाचीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "इंटरेस्टिंग आहे" म्हणाली. तिच्या पिढीत प्रतीक्षाधीन गठ्ठ्याला असं म्हणतात.

काम सुरू झालं. औशाकडच्या एका शेतकऱ्याचा मेसेज होता:

"नमस्कार साहेब. आमच्याकडं पाऊस बरा हाय. तुमच्याकडं कसा? पिशवी तुमच्याकडूनच नेलती. शेजाऱ्याचं उगवलंय. आमचं बघायलोत."

मी 'तक्रार' लिहिलं. प्रत्येक मेसेज दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि मग जुळतं का ते पाहायचं, असा नियम होता. नांदेडला भाचीनं याच मेसेजपुढं 'चौकशी' असा नवाच वर्ग सुचवून ठेवला होता. संध्याकाळी तिचा फोन.

"मामा, यात तक्रार कुठाय? तो माणूस किती शांतपणे लिहायलाय."

"शेजाऱ्याचं उगवलंय, ही काय आनंदाची बातमी कळवलीय का त्यानं? आणि 'तुमच्याकडूनच' मधला 'च' बघ."

"यंत्राला 'च' दिसत नाही मामा. म्हणजे दिसतो, पण त्याला त्याचं काही वाटत नाही."

सोयाबीनची पेरणी कशी होते हे ज्याला माहीत आहे त्याला या मेसेजमधली घाई दिसते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तरच्या वर उगवले तरच पेरा, हेही सांगतो. विकत आणलेल्या पिशवीवर मात्र माणूस विश्वास टाकतो. ती उगवली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीनं शेतात येऊन पंचनामा करायचा असतो, आणि तो वेळेत व्हावा लागतो, कारण जुलैचा मध्य उलटला की दुबार पेरणीला अर्थ राहत नाही. म्हणजे 'आमचं बघायलोत' या दोन शब्दांच्या मागे एक कॅलेंडर टांगलेलं आहे. मेसेज 'चौकशी'त गेला तर त्याला पेरणीची माहिती देणारं एक छान चित्र परत जाईल. 'तक्रारी'त गेला तर एखादा माणूस मोटारसायकल काढून औशाकडं निघेल. मजकूर तोच, फरक कोण उठणार याचा.

भाचीला हे पटलं, पण तिच्याकडचे मेसेज वेगळे होते. देगलूर, बिलोली, धर्माबादकडचा शेतकरी तेलंगणाच्या शेजारानं असेल, नाहीतर आणखी कशानं, सरळ मुद्द्यावर येतो: "बियाणं खराब. पैसे कधी?" त्याच्यापुढं आमचा औशाचा माणूस खरंच चौकशीला आलेला वाटतो. मग तिनं लातूरकडच्या मेसेजांमध्ये जरा तिखट वाचायला सुरुवात केली, मी नांदेडकडच्या मेसेजांमध्ये जरा सौम्य. तरी जुळेना. हे जुळणं मोजायचं एक माप आहे. जेकब कोहेन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1960 मध्ये ते काढलं. दोन माणसांची मतं किती जुळली ते मोजायचं आणि त्यातून निव्वळ योगायोगानं जुळलं असतं तेवढं वजा करायचं. उरेल ते खरं एकमत. सुंदर कल्पना आहे. लग्नं जमवताना वापरायला हरकत नाही, फक्त निकाल दोन्हीकडच्या मंडळींना सांगू नये.

आमचा आकडा काही फार अभिमानाचा नव्हता. भाचीचे वरिष्ठ म्हणाले, काही हरकत नाही, यंत्र दोघांकडूनही शिकेल आणि मधला मार्ग काढेल. आता नांदेड आणि लातूरचा मधला मार्ग म्हणजे लोहा-अहमदपूरचा रस्ता. तेव्हापासून आम्ही दोघं त्या यंत्राला अहमदपूरचं म्हणू लागलो. त्याला औशाचा आडवळणी राग पूर्ण कळत नाही आणि धर्माबादचा रोखठोकपणा त्याला उगाच भांडण वाटतो. अहमदपूरकरांनी रागावू नये. दोन्हीकडचं ऐकून घेणाऱ्याचं असंच होतं.

हे यंत्र आतून काय करतं, असं मी एकदा विचारलं. भाचीनं आधी सगळ्यात जुना, साधा प्रकार सांगितला. अठराव्या शतकात थॉमस बेझ नावाचा एक इंग्लिश धर्मोपदेशक होऊन गेला. त्याचा शक्यतांवरचा निबंध तो वारल्यावर त्याच्या मित्रानं 1763 मध्ये छापून आणला. त्या सूत्राच्या आधारानं मजकुराची आपोआप वर्गवारी करता येते का, हे अमेरिकेत मॅरन नावाच्या संशोधकानं 1961 मध्ये करून पाहिलं. रीत अशी: तक्रारींच्या ढिगात 'उगवलं' हा शब्द किती वेळा आला, कौतुकाच्या ढिगात किती वेळा आला, 'साहेब' किती वेळा, 'पिशवी' किती वेळा, हे मोजून ठेवायचं. नवा मेसेज आला की त्यातल्या प्रत्येक शब्दाला विचारायचं, बाबा तू कुठल्या ढिगात जास्त दिसतोस? सगळ्यांची उत्तरं एकत्र करायची आणि जो ढीग जिंकेल तिकडे मेसेज टाकायचा. यात मोठं गृहीत असं की मेसेजमधले शब्द म्हणजे लग्नाला आलेले, एकमेकांना अजिबात न ओळखणारे पाहुणे. प्रत्येकाला वेगळं विचारलं तरी चालतं. असं लग्न लातूर जिल्ह्यात झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इथं कोपऱ्यात बसलेला पाहुणासुद्धा नवरीच्या मावसआज्याचा व्याही निघतो. 'उगवलं' शेजारी 'शेजाऱ्याचं' बसलं की अर्थ फिरतो, आणि हे त्या साध्या हिशेबाला कळायचं नाही. तरी गंमत म्हणजे, इतकं भोळं गृहीत धरूनही हा हिशेब पुष्कळदा बरोबर येतो. नको असलेली ईमेल वर्षानुवर्षं अशाच हिशेबानं बाजूला काढली गेली.

नवे प्रकार शेजारपाजार बघतात. गूगलनं 2018 मध्ये 'बर्ट' नावाचं मॉडेल आणलं. ते शब्दाच्या दोन्ही बाजूंना कोण बसलंय ते पाहून त्याचा अर्थ लावतं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानं त्याचा मराठी अवतार केला, 'महाबर्ट'. त्याच गटानं 2021 मध्ये सुमारे 16 हजार मराठी ट्वीट माणसांकडून वाचून घेतले आणि प्रत्येकापुढं सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ ते लिहून घेतलं. सोळा हजार ट्वीट वाचणाऱ्यांना माझा नमस्कार. त्यांतही राजकारण्यांचे बरेच असणार; 'तटस्थ' हा शिक्का कुणावर मारला असेल याची मला फार उत्सुकता आहे.

महाबर्ट शेजार बघत असला तरी टोमणा त्यालाही जड जातो. चाकूरकडून एक मेसेज आला होता: "लई उपकार झाले साहेब तुमचे. औषध मारलं. अळी ताजीतवानी हाय. असंच लक्ष असू द्या." उपकार, ताजीतवानी, लक्ष असू द्या. यंत्रानं कौतुकात टाकला आणि कौतुकाला जे ठरलेलं उत्तर जातं ते पाठवून दिलं: आपल्या प्रेमाबद्दल आभार, आपला अनुभव इतरांनाही जरूर सांगा. पलीकडून लगेच आलं, "सांगायलोय की."

शुभ सकाळचा घोळ तर वेगळाच. रोज पहाटेपासून गुलाबाची फुलं, विठ्ठल, सुविचार आणि वाफाळता चहा यांचा दुकानाच्या नंबरवर पाऊस पडायचा. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला आपट्याची पानं. भाचीच्या गटानं वैतागून 'शुभेच्छा' नावाचा वर्ग काढला. त्यात पडलेल्या मेसेजला कुणीच उत्तर द्यायचं नाही. यंत्र चटकन शिकलं: 'शुभ सकाळ' दिसलं की दुर्लक्ष. पण आमच्याकडे चांगल्या घरचा माणूस शुभ सकाळ म्हटल्याशिवाय हुमणीबद्दल सुद्धा बोलत नाही. जेवढा माणूस सभ्य तेवढा त्याचा मेसेज केराच्या टोपलीत, आणि जो सुरुवातीलाच शिवी हासडेल त्याला पाच मिनिटांत फोन. हे बघून मला माझी नोकरी आठवली, पण ते जाऊ द्या.

मग नुसते फोटो. पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो आणि खाली एक प्रश्नचिन्ह. शंखी गोगलगायीचा फोटो, खाली काहीच नाही. ज्यांनी 2022 चा खरीप पाहिलाय, रात्रीतून कोवळं सोयाबीन फस्त झालेलं पाहिलंय, त्यांना खाली काही लिहायची गरज वाटत नाही. दोन-तीन मिनिटांचे बोललेले मेसेज, ज्यांत म्हैस अधिक स्पष्ट ऐकू येते. लग्नपत्रिका, सहकुटुंब येण्याचं आग्रहाचं निमंत्रण, शेवटी 'आहेर आणू नये'. रोमन अक्षरांतली मराठी, ज्यात 'नाही' हा शब्द लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे लिहितात. उदगीरकडून मराठीत मिसळलेलं कन्नड, नांदेड शहरातून दखनी. आणि या सगळ्यांवर ताण करणारा, सगळ्यात लाडका मेसेज: "फोन करा."

'फोन करा'चं काय करायचं यावर बैठक झाली. हा मेसेज कशाबद्दल आहे? काही सांगता येत नाही. मग तो 'इतर'मध्ये. पण 'इतर'मध्ये तो इतका झाला की 'इतर' हाच मोठा वर्ग झाला आणि बाकीचे किरकोळ. वरिष्ठांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्यानं स्पष्ट लिहायला हवं. माझं मत वेगळं आहे. या माणसानं जितकं स्पष्ट लिहिलंय तितकं कुणीच लिहिलेलं नाही. त्याला रकाना नकोय, माणूस हवाय, आणि हे त्यानं दोन शब्दांत कळवलंय. मेसेज समजायला काहीच अवघड नव्हता. पाळायला महाग होता.

लातूरच्या तहसीलबाहेर झाडाखाली टेबल मांडून अर्ज लिहून देणारे बसायचे. पुढं टाइपरायटर आले, आता काहींनी संगणक ठेवलेत. त्यांतल्या एका बुजुर्गाचं काम मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम बघत उभा राहत असे. समोरचा माणूस दहा मिनिटं बोलायचा: भाऊ, भावजय, विहीर, मोटार, मागल्या साली झालेलं ऑपरेशन. बुजुर्ग विडी ओढत ऐकायचे, मधे एकही प्रश्न नाही. मग विचारायचे, "कुणाच्या नावानं लिहू?" माणूस गोंधळायचा. मग तेच सांगायचे, "तलाठ्याला लिवलं तर पंचनामा होईल. तहसीलदाराला लिवलं तर तारीख पडंल. पोलिसात दिलं तर भाऊ बोलायचा बंद होईल. बोला, काय करायचं?" विषयाची ओळ ते सगळ्यात शेवटी भरायचे. अर्जाचा विषय माणसाच्या हकिगतीतून निघत नाही, तो दारावरच्या पाटीतून निघतो, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत आपल्याला उलटं शिकवतात, आधी विषय आणि मग मजकूर. म्हणून तर माझ्या टेबलावर असेही अर्ज यायचे: 'विषय : अर्जात नमूद केल्याप्रमाणे.'

आणि दारं तरी किती तऱ्हेची. लातूर आणि नांदेड ही दोन गावं एका गटात की वेगळ्या, हे विचारा, आणि कोण विचारतंय त्याप्रमाणे उत्तर बदलेल. दहावीचं पोरगं नांदेडचं असलं तरी त्याचं मंडळ लातूरचं. पुढं कॉलेजात गेलेलं लातूरचं पोरगं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं. शेतीखात्याला दोन्ही जिल्हे लातूर विभागात दिसतात, महसूल खात्याला छत्रपती संभाजीनगर विभागात. त्यातून फुटून नवं आयुक्तालय कुठं व्हावं, हा विषय दोन्ही गावांत काढून बघा, जेवणाची वेळ टळते. रेल्वेला विचारलं तर लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आणि नांदेड दक्षिण मध्य रेल्वेचं स्वतःचं विभागीय ठिकाण. टपालखात्याची तर बहार आहे. पिनकोड आले 15 ऑगस्ट 1972 ला, आणि ते बसवले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणातला हा माणूस टपालखात्यात मोठा अधिकारी आणि शिवाय संस्कृतचा कवी नि नाटककार. पिनकोडचे पहिले तीन आकडे पत्र कुठं छाटायचं ते सांगतात. नांदेडचा पिन 431 नं सुरू होतो, लातूरचा 413 नं. आकडे तेच, फक्त दोघांनी जागा बदलल्या, आणि तेवढ्यावर लातूरचं पत्र सोलापूरच्या वाटेला लागलं. यात कुणाचं काही चुकलेलं नाही. पत्र पोचवणाऱ्याला रस्ता हवा होता, परीक्षा घेणाऱ्याला केंद्रं. गावानं स्वतःला काय समजावं हे त्यांतल्या कुणी विचारलंच नव्हतं.

हे ऐकून भाचीनं मला एक वेगळी यादी दाखवली. केंद्र सरकारचं किसान कॉल सेंटर जानेवारी 2004 पासून चालू आहे. 1800-180-1551 वर शेतकऱ्यानं फोन करायचा, सकाळी सहा ते रात्री दहा, आपल्या भाषेत. त्या फोनांच्या नोंदी सरकारनं सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात. राज्य, जिल्हा, तालुका, हंगाम, पीक, प्रश्नाचा प्रकार, प्रश्न, दिलेलं उत्तर. वर्गवारी शिकवणाऱ्या पोरांना असा खजिना दुसरा नाही. लातूर आणि नांदेड दोन्ही त्यात आहेत. मी उत्साहानं प्रश्नाचा रकाना वाचायला घेतला. शेतकऱ्यानं हवामानाबद्दल विचारलं. शेतकऱ्यानं हवामानाबद्दल विचारलं. पुन्हा तेच. पानंच्या पानं, आणि तीही इंग्रजीत.

मी म्हणालो, "अगं, हे तो बोललाच नसणार."

बोलला नसणारच. तो बोलला असेल की वरच्या वावरात पाणी साचलंय, खालचं कोरडं हाय, खत टाकायचंय, आभाळ तर भरून आलंय, टाकू का थांबू? तिकडच्या माणसानं ऐकलं, समजून घेतलं, बहुधा उत्तरही चांगलं दिलं, आणि पुढचा फोन वाजत होता म्हणून एका ओळीत नोंद केली. म्हणजे यंत्र येण्याच्या आधीच माणसानं चाळून ठेवलंय. यंत्र शेतकऱ्याकडून शिकतच नाही. त्याचं ऐकून घेणारा दिवसाच्या शेवटी किती दमला होता, ते शिकतं. आमच्या कामातही तेच चाललं होतं. जेवणाआधी मी वाचलेल्या मेसेजांत तक्रारी जास्त निघायच्या. हा दोष नव्हे; पोट रिकामं असलं की दुसऱ्याची अडचण जरा लवकर दिसते.

हौसेचं काम असतं तोवर यात मजा आहे. पैसा आला की रकाना टोचायला लागतो. 2023 च्या खरिपापासून काही हंगाम राज्यात एक रुपयात पीकविमा होता. पिकाचं नुकसान झालं की 72 तासांच्या आत कळवायचं, आणि कळवताना कारण निवडायचं. गारपीट, शेत जलमय होणं, ढगफुटी, वीज पडून लागलेली आग, अशातलं काहीतरी एक. आता आमच्याकडचा सप्टेंबर कसा असतो ते सांगायला नको. पाऊस सोमवारी सुरू होतो, गुरुवारी ओढा फुटतो, शनिवारी शेंगेला कोंब दिसतो. मग 72 तास कुठल्या वारापासून मोजायचे? आणि कारण कोणतं लिहायचं, पाऊस की पाणी? मुद्दा शाब्दिक वाटतो, पण त्या एका टिचकीवर रक्कम अडकलेली. टिचकी मारणारा बहुतेक वेळा शेतकरी नव्हताच. तो सेवा केंद्रातला पंचवीस वर्षांचा मुलगा, ज्याच्यामागं रांग दारापर्यंत आलेली. त्या दिवसांत शेतकरी एकमेकांना विचारायचे, "तू काय टाकलंस?" ज्याला मिळाले त्यानं जे टाकलं असेल ते बरोबर. माणसांनी यंत्राला शिकवायचं असतं, पण एव्हाना यंत्रानं माणसांना शिकवलं होतं की नुकसान कोणत्या नावानं झालं पाहिजे.

दिल्लीतही हेच चाललंय, मोठ्या प्रमाणावर. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर येणाऱ्या तक्रारी यंत्राकडून वाचून घेण्यासाठी 2021 मध्ये आयआयटी कानपूरशी करार झाला. चांगलं आहे. लाखो कागद माणसानं वाचायचे म्हटले तर प्रतीक्षाधीन गठ्ठ्याला इमारत लागेल. फक्त मला राहून राहून वाटतं, तिथं कुणीतरी त्या विडीवाल्या बुजुर्गांना एकदा नेऊन बसवायला हवं होतं.

आमचं यंत्र शेवटी कामाला लागलं. भाचीनं एक तक्ता पाठवला, त्यात उभं खरं आणि आडवं यंत्राचं मत, आणि मधल्या चौकटींत कशाचं कशात मिसळलं त्याचे आकडे. 'तक्रार' आणि 'चौकशी' यांची चौकट सगळ्यात गडद होती. तिला त्याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, तो नकाशा आहे, जपून ठेव, लातूर त्यात अगदी बरोबर आलंय. 'फोन करा' या वर्गाला अखेर मंजुरी मिळाली, आणि त्यासाठी खरोखरची दोन माणसं नेमली गेली. दुकानवाल्यांच्या बाजूनं ही एवढी गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. 'शुभ सकाळ'वर उपाय म्हणून मेसेजचं शेवटचं वाक्य जास्त लक्ष देऊन वाचायला त्याला शिकवलं. चपलेपाशी येणारं वाक्य. ते मी सुचवलं होतं, हे नमूद करतो. भाचीनं तिच्या अहवालात कुठं नमूद केलेलं दिसलं नाही.

परवा तिनं एक संवाद पाठवला. शिरूर ताजबंदकडच्या एका शेतकऱ्यानं तुरीबद्दल विचारलं होतं. यंत्रानं वर्ग बरोबर ओळखला आणि कळवलं की आपला संदेश कीड-रोग विभागाकडे पाठवला आहे, तज्ज्ञ लवकरच संपर्क करतील. आमच्याकडचा माणूस इतक्या अदबीनं बोलणाऱ्याला असाच सोडत नाही. त्यानं लिहिलं, "बरं झालं. तुमचं गाव कोणतं?"

यंत्रानं हे वाचलं, दुकानाचा पत्ता विचारलाय असं समजून योग्य त्या वर्गात टाकलं, आणि जवळच्या शाखेचं ठिकाण पाठवून दिलं: अहमदपूर.

मिनिटभरानं पलीकडून आलं, "मग आपलेच की. अहमदपुरात कुणापैकी?"